अवधान डळमळते, अक्षर विस्कटते

वहीतील पहिल्या दोन-तीन ओळी ठळक आणि सरळ असतात. चौथ्या ओळीपासून अक्षरे लहान-मोठी होऊ लागतात. शब्दांमधली जागा कधी बोटभर रुंद, तर कधी नाहीशी. शिरोरेघ मध्येच तुटलेली, अनुस्वार गळालेले, वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटलेल्या आणि पान संपण्यापूर्वीच वाक्य अर्धवट सोडलेले. खाली लाल शाईतला शेरा ठरलेला : 'अक्षर सुधारणे आवश्यक', 'निष्काळजीपणा टाळा' किंवा नुसतेच 'पुन्हा लिहा'. घरी 'कोंबडीचे पाय' हा शब्दप्रयोग तयार असतोच.

अशी वही प्रत्येक वेळी आळशी किंवा बेफिकीर मुलाचीच असते असे नाही. ती अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकाराने ग्रासलेल्या मुलाचीही असू शकते. 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर' किंवा एडीएचडी या नावाने हा विकार आता पालकांच्या परिचयाचा झाला आहे. मात्र त्याचा संबंध बहुधा जागेवर न बसणाऱ्या, वर्गात उठून फिरणाऱ्या मुलाशी जोडला जातो. वहीतील अक्षराशी नव्हे. जगभरातील पाहण्या एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १८ वर्षांखालील सुमारे ५ टक्के मुलांत हा विकार आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात दोन, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो.

अक्षराकडे माणसाच्या स्वभावाचा आरसा म्हणून पाहण्याची आपली सवय जुनी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला. महात्मा गांधींनी आत्मकथेत स्वतःच्या खराब अक्षराबद्दल खंत नोंदवली. 'सुंदर हस्ताक्षर हा खरा दागिना' ही पाटी पाहिली नाही, असा मराठी शाळेतला विद्यार्थी विरळा. हा संस्कार मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की ज्याचे अक्षर वाईट त्याची वृत्तीच वाईट, हा निष्कर्ष शिक्षक आणि पालक फार लवकर काढतात.

'मनात आणले तर येते'

अवधान-न्यूनता असलेल्या मुलाच्या लेखनाचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे सातत्याचा अभाव. मंगळवारचा निबंध नीटनेटका, बुधवारचा वाचताही येत नाही. शेजारी कोणी बसले तर अक्षर बरे, ती व्यक्ती उठून गेली की दहा मिनिटांत विस्कटते. याच लक्षणाचा सर्वाधिक विपरीत अर्थ लावला जातो. 'मनात आणले तर येते की!' हे वाक्य अशा मुलांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. एकदा नीट लिहिता आले म्हणजे नेहमीच येईल, असा हा हिशेब आहे. परंतु या विकारात जी क्षमता कमी पडते ती नेमकी लक्ष टिकवून धरण्याची आहे. म्हणजे चांगले अक्षर काढण्याची नव्हे, तर ते सतत काढत राहण्याची. अशा वेळी नीट लिहिलेले पान हा मुलाविरुद्धचा पुरावा ठरवला जातो. वास्तविक ते त्याने केलेल्या अतिरिक्त परिश्रमाचे फळ असते.

अन्य खुणाही शिक्षकांच्या ओळखीच्या आहेत. फळ्यावरचे उतरवून घेताना मधली एखादी ओळ सुटते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील फरक घाईत पुसला जातो. शब्दातील एखादे अक्षर किंवा काना राहतो आणि विचारल्यावर मूल तो बिनचूक सांगते. पेन्सिल इतकी दाबली जाते की पाठीमागच्या पानावर ठसे उमटतात. बोटे दुखतात, म्हणून लिहिणे टाळले जाते. गृहपाठाची नोंद डायरीत अर्धीच असते, त्यामुळे तो अर्धाच होतो. मुलींच्या बाबतीत चित्र अनेकदा वेगळे दिसते. त्यांच्यातील अवधान-न्यूनता चंचलतेविना असण्याचे प्रमाण अधिक. अशा मुलीचे अक्षर सुबक असू शकते, पण प्रश्नपत्रिका कधीच पूर्ण होत नाही. तिच्यावर 'संथ' असा शिक्का बसतो आणि तपासणी कोणी सुचवत नाही.

लहान मुलांच्या शालेय दिवसाचा किती भाग हाताच्या बारीक कामात जातो, याची मोजणी अमेरिकेतील प्राथमिक वर्गांत झाली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण ३१ ते ६० टक्के निघाले आणि त्यातील बहुतांश काम कागद-पेन्सिलीचे होते. ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याचा शाळेतील निम्मा दिवस कशात जात असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

एका शब्दामागची कसरत

'शिक्षिका' हा शब्द घेऊ. तो लिहिण्यापूर्वी मुलाला वाक्य डोक्यात धरून ठेवावे लागते. मग शब्दाचे ध्वनी सुटे करायचे, पहिली वेलांटी की दुसरी हे आठवायचे, 'क्ष'चे वळण आठवायचे. उच्चारात 'श' आधी आणि 'इ' नंतर येतो. कागदावर मात्र वेलांटीची काठी 'श'च्या डावीकडे. म्हणजे तिची जागा आधीच राखून ठेवायला हवी. हे सर्व रेघेवर, योग्य आकारात, आणि शेवटी वर शिरोरेघ. इंग्रजी जोडाक्षरी लिपीत हात डावीकडून उजवीकडे वाहत जातो. बाळबोध लिपीत तो वर, खाली, मागे असा फिरतो आणि पुनःपुन्हा उचलला जातो. आपल्या पूर्वीच्या कारकुनांनी यावर तोडगा काढलेला होता, हे येथे आठवते. मोडी लिहिताना ओळीची शिरोरेघ आधी आखून घेत आणि मग हात शक्यतो न उचलता मजकूर लिहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा काचही त्यात नव्हता. वेगासाठी घडलेली ती लिपी होती. शाळेतल्या मुलाला ती सवलत नाही. उलट २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आल्याने सहा वर्षांच्या मुलाला दोन लिप्यांची वळणे एकाच वेळी गिरवावी लागतात.

सरावलेल्या माणसाचा हात ही कसरत आपोआप करतो. त्याचे मन आशयाकडे मोकळे राहते. लेखन असे स्वयंचलित होईपर्यंत मात्र प्रत्येक अक्षर मेंदूतील तात्पुरत्या स्मृतीची, म्हणजेच कार्यकारी स्मृतीची जागा अडवते. अवधान-न्यूनतेत हीच स्मृती तोकडी पडते. अक्षराकडे लक्ष दिले तर वाक्य निसटते, वाक्य धरले तर अक्षर बिघडते. तोंडी उत्तर झकास देणारे मूल लेखी परीक्षेत तीन ओळींवर का थांबते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते.

याला मेंदूच्या वाढीचीही पार्श्वभूमी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवून दिले, की मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल पातळीला पोहोचण्याचे मध्यमान वय सर्वसाधारण मुलांत साडेसात, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा वर्षे होते. वाढीचा क्रम तोच, पण उशिराने. शिवाय या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत हालचालींच्या समन्वयाची अडचणही आढळत असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. बुटाची नाडी बांधणे, शर्टाची बटणे लावणे, कात्री चालवणे यांतही जे मूल मागे आहे, त्याचा प्रश्न केवळ लक्षाचा नसतो.

तिसरी शक्यता लेखन अक्षमतेची, म्हणजेच डिस्ग्राफियाची. अमेरिकेत सुझन मेझ आणि सुझन कॅल्हून यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांपैकी ६५ टक्क्यांना लेखी अभिव्यक्तीची अक्षमता आढळली. वाचन किंवा गणितातील अक्षमतेच्या मानाने ती दुप्पट होती. ही मुले उपचारकेंद्रात आणलेली होती, त्यामुळे हा आकडा सरसकट सर्वांना लावणे योग्य नाही. तरीही निदान करताना लेखनाची स्वतंत्र तपासणी का हवी, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. विकाराच्या अधिकृत निकषांत कामातील अव्यवस्थितपणाचा उल्लेख आहे, अक्षराचा स्वतंत्र निकष नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मुलाच्या वह्या सोबत नेणे उपयुक्त ठरते. त्यातही सुशोभित केलेल्या नव्हे, रोजच्या. डोळ्यांची तपासणी त्याआधीच झालेली असावी. डावखुरेपणा हा दोष नाही आणि तो सक्तीने बदलू नये, हे अजूनही सांगावे लागते.

गोळीने काय साधते?

मिथाइलफेनिडेट हे या विकारावरील सर्वाधिक वापरले जाणारे औषध. भारतात त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे आणि ते मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो. या औषधाने अक्षर सुधारते का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. जर्मनीतील ओलिव्हर टुखा आणि क्लाउस लांगे यांनी २००१ साली त्याचा बारकाईने अभ्यास केला. पेनाच्या प्रत्येक हालचालीचा वेग टिपणाऱ्या पाटीवर त्यांनी मुलांना औषधासह आणि औषधाविना लिहायला लावले. निष्कर्ष चकित करणारा होता. औषध घेतल्यावर अक्षर अधिक सुवाच्य झाले, मात्र हाताची हालचाल कमी प्रवाही झाली. कागदावर सुधारणा दिसत असताना हात अडखळत होता.

असे का व्हावे? पुढील प्रयोगांत त्यांना उत्तर मिळाले. औषधामुळे वाढलेले लक्ष ही मुले अक्षर काढण्याच्या क्रियेवरच खर्च करत होती. जे आपोआप व्हायला हवे ते जाणीवपूर्वक केले, की ओघ तुटतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार केला तर पाय अडखळतो, तसेच हे. डोळे मिटून किंवा जलद लिहायला सांगितल्यावर हालचाल पुन्हा प्रवाही होत असल्याचे त्यांना आढळले.

पालक आणि शिक्षक या दोघांच्याही रोजच्या वर्तनाशी या निष्कर्षाचा थेट संबंध आहे. 'नीट लक्ष देऊन लिही', 'अक्षराकडे बघ' अशी सूचना डोक्यावर उभे राहून सतत देत राहिल्यास पान सुबक दिसेल, परंतु हाताला ओघ येणार नाही. औषध लक्ष देते. सराव देत नाही. जे वळण हाताला कधी शिकवलेच गेले नाही, ते गोळीतून येणार नाही.

सराव कोणता, किती?

शिक्षा म्हणून तेच पान दहा वेळा लिहायला लावणे हा आपल्याकडील रूढ उपाय. तो निरुपयोगी तर आहेच, शिवाय घातकही आहे, असे स्पष्टपणे म्हणायला हवे. थकलेला हात दहाव्या वेळी चुकीचेच वळण गिरवतो आणि तेच पक्के होते. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मधल्या सुट्टीत मुलाला वर्गात बसवून लिहायला लावणाऱ्या शाळांनी हे कलम एकदा वाचायला हरकत नाही. चंचल मुलाची तर खेळाची सुट्टी कधीच काढून घेऊ नये.

दुसऱ्या टोकाला, मातीचे गोळे वळणे, मणी ओवणे, चिमटे लावणे अशा व्यायामांवर महिनोन्‌महिने भर देणारे वर्गही शहरांत फोफावले आहेत. स्नायूंना त्याचा लाभ होत असेल. पण अक्षर सुधारायचे तर अक्षरच लिहावे लागते. कॅनडातील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, प्रत्यक्ष लेखनाचा सराव नसलेले उपक्रम परिणामकारक ठरले नव्हते. शिवाय किमान वीस सत्रांची गरज दिसून आली होती. व्हर्जिनिया बर्निंजर यांनी १९९७ साली पहिलीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात एक साधी पद्धत सर्वांत यशस्वी ठरली : क्रमांक दिलेल्या बाणांनी अक्षराचे वळण दाखवायचे, मग ते झाकायचे आणि स्मरणाने लिहायला सांगायचे. नुसते गिरवणे त्यामानाने कमी उपयोगी.

हे संशोधन रोमन लिपीवरचे असले, तरी तत्त्व आपल्याला परके नाही. वर्णमालेतील 'क, ख, ग, घ' हा क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नव्हे. म्हणूनच आपल्या शिक्षकांनी 'ग, म, भ, न' असा वळणाच्या साम्यावरचा क्रम रूढ केला. 'व, ब, क' एकत्र, 'प, ष, फ' एकत्र. ज्या मुलाचे अक्षर चौथीतही बसलेले नाही, त्याला याच गटांपासून पुन्हा सुरुवात करून देण्यात कमीपणा नाही. रोज दहा ते पंधरा मिनिटे, एका वेळी एक गट, दुरेघी वहीवर. अर्ध्या तासाहून अधिक नको. पाच अक्षरे लिहून झाल्यावर त्यातील सर्वांत चांगले कोणते, ते मुलानेच निवडून त्याभोवती गोल काढावा. शिक्षकाने चुका दाखवण्यापेक्षा याचा परिणाम अधिक होतो, असा विशेष शिक्षकांचा अनुभव आहे.

बैठकीकडे मात्र लक्ष हवे. पावले जमिनीला टेकलेली, मेज कोपराच्या उंचीला, कागद किंचित तिरपा. जेवणाच्या उंच टेबलावर पाय लोंबकळत ठेवून लिहिणाऱ्या मुलाची निम्मी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पेन्सिल धरण्याच्या पद्धतीचा मात्र नको तितका बाऊ केला जातो. कॅनडात चौथीच्या मुलांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात प्रचलित चार प्रकारच्या पकडींमुळे वेगात किंवा सुवाच्यतेत फरक पडलेला नव्हता. बोटे दुखत नसतील, तर दहा वर्षांच्या मुलाची पकड बदलण्याच्या फंदात पडू नये.

संगणक असताना हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. अमेरिकेतील संशोधक करिन जेम्स यांनी २०१२ साली वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. अक्षर हाताने लिहून शिकलेल्या मुलांत वाचनाशी निगडित मेंदूचे भाग जागृत झाले. कळफलकावर टंकित करून शिकलेल्यांत तसे झाले नाही. तेव्हा पहिली-दुसरीत हाताला पर्याय नाही. पाचवीनंतर मात्र केवळ अक्षरापायी विज्ञानाचे किंवा इतिहासाचे ज्ञान कागदावर उतरत नसेल, तर टंकलेखन शिकवणे, छापील टिपणे देणे, फळ्याचे छायाचित्र घेऊ देणे हे मार्ग खुले ठेवले पाहिजेत. शुद्धलेखनाचे गुण शुद्धलेखनाच्या प्रश्नाला द्यावेत. भूगोलाच्या उत्तरात अक्षराचे गुण कापण्याचे कारण प्रस्तुत प्रतिनिधीला तरी समजलेले नाही.

परीक्षा आणि कायदा

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. १९९६ साली हा निर्णय झाला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील केंद्राने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. २००७ च्या 'तारे जमीं पर' चित्रपटानंतर हा विषय घराघरांत पोहोचला. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि तिच्या व्याख्येत डिस्ग्राफियाचा नावानिशी उल्लेख आला. परंतु अवधान-न्यूनता हा प्रकार कायद्याच्या २१ दिव्यांगत्वांच्या सूचीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे ज्या मुलाची अडचण केवळ अवधानाची आहे, त्याला प्रमाणपत्राच्या वाटेवर अडथळे येतात. दोन्ही अडचणी असतील, तर लेखन अक्षमतेची चाचणी वेळेवर होणे म्हणूनच महत्त्वाचे. २०१८ साली केंद्राने जाहीर केलेल्या सूचनांत प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षे ठेवले होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या प्रश्नावर दोन महत्त्वाचे निर्णय दिले. विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, ११ फेब्रुवारी रोजी, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर नाकारता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत जादा वेळ नाकारला गेल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयामार्गे तेथे पोहोचले. फेरपरीक्षा मिळाली नाही, पण झालेल्या अन्यायाचे निवारण करण्याचा आदेश परीक्षा यंत्रणेला देण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. हे नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे पालकांनी नववीतच शाळेकडून चालू वर्षाचे परिपत्रक मागून घ्यावे. दहावीचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात प्रमाणपत्रासाठी धावाधाव केल्यास ते हाती येत नाही.

लेखनिक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. दुसऱ्याला मजकूर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि चंचल अवधानाच्या मुलाला ते विशेष कठीण जाते. सांगता सांगता वाक्य बदलते, मुद्दा निसटतो, लेखनिक खोळंबतो. म्हणून आठवीपासून आठवड्यातून एकदा तरी सराव हवा : उत्तरापूर्वी कच्च्या कागदावर तीन-चार शब्दांचे मुद्दे मुलाने स्वतः टिपायचे, एक वाक्य पूर्ण सांगायचे, लिहून होईपर्यंत थांबायचे, मग पुढचे. परिच्छेद कोठे बदलायचा तेही सांगायचे. जादा वेळ मिळणार असेल, तर घरच्या सराव परीक्षेतही तो धरावा आणि मध्ये पाच मिनिटे उठून पाणी पिण्याची मुभा द्यावी. साडेतीन-चार तास एका जागी बसणे हीच या मुलांची पहिली परीक्षा असते.